मिठाला पाणी सुटलं ते साल

आमच्या घरात घाम ओला असताना फारसा कुणी पाहिला नाही. तो यायचा आणि येता येताच वाळायचा. संध्याकाळी नाना, म्हणजे माझे वडील, रानातून येऊन सदरा खुंटीला अडकवायचे, तेव्हा त्याच्या पाठीवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या असायच्या, एकीत एक, नकाशात डोंगर दाखवतात तशा. आई तो सदरा रोज धुवायची नाही. धुवायला पाणी कुठलं? ती अंगणात उभी राहून तो दोन्ही हातांनी झटकायची आणि मीठ खाली पडायचं. कोंबड्या धावत यायच्या, दाणे समजून टोच मारायच्या आणि निघून जायच्या.

पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. जमीन होती, नाही असं नाही. पण मुरमाड, नांगर लागला की ठिणगी उडावी अशी. शिमग्याला विहिरीचा तळ दिसायचा आणि मग ओढ्यात खड्डा खणून वाटीवाटीनं पाणी भरायचं. दसरा झाला की अर्धं गाव कोयता घेऊन उसाच्या मुलखात जायचं. नाना आणि आईही जायचे. मी मागं राहायचे आत्याकडे. आत्या म्हणजे नानांची थोरली बहीण, नवरा नसलेली, आमच्या शेजारच्याच घरात राहणारी. आई-नाना पायांना भेगा घेऊन परत यायचे ते उन्हाळ्यात. मी शाळेत जात होते म्हणून मला नेत नव्हते. बाकीच्या मुली जायच्या. हे मी अभिमानानं सांगते आहे आणि थोडं लाजूनही, कारण त्या मुलींच्या वाटची मोळी दुसऱ्या कुणी उचलली नाही. माझ्या वाटची आईनं उचलली.

आज हे आठवायचं कारण अगदी साधं. गेले काही दिवस नगरला उकडतंय. कोरडं ऊन माझ्या ओळखीचं, त्याची मी कधी तक्रार करत नाही. हे तसं नाही. हे चिकट आहे. पंख्याखाली बसलं तरी मानेवर ओघळ. समोरच्या गॅलरीतली बाई केस वर बांधत म्हणाली, "काकू, दोन दिवसांत पाऊस येणार बघा. हवाच सांगतेय." मी हसले नाही. आत गेले, स्वयंपाकघरातली मिठाची बरणी उघडली. मिठाला पाणी सुटलं होतं. आणि मनात जे आलं ते भीती म्हणावी की राग, इतक्या वर्षांनी मला अजून ठरवता येत नाही.

आमच्याकडे आईचं मिठाचं गाडगं चुलीपासून लांब, फळीवर असायचं. जाडं मीठ. उन्हाळाभर ते खडखड वाजायचं. मृगाच्या आगेमागे कधीतरी ते ओलसर व्हायचं, गाडग्याच्या बुडाला पांढरं कडं यायचं, आणि आई म्हणायची, "मिठाला पानी सुटलं गं. गवऱ्या आत घे." मग आम्ही सरपण, गवऱ्या, वाळवणाची पाटी सगळं आत ओढायचो. नानाही बायकांचं काम म्हणून दुर्लक्ष करत नसत. पेरणीआधी येता-जाता फळीकडे एक नजर टाकायचे. गाडगं बघून मगच पाभर जोडायचे. आमच्या घराचा हा रिवाज होता. आभाळ खोटं बोलेल, वारं खोटं बोलेल, मीठ कशाला बोलेल, असा हिशोब.

आत्याच्या घराची पुढची खोली भाड्यानं दिलेली होती. तिच्यात मास्तर राहायचे.

मास्तर समुद्राकडचे. आमच्या गावात हायस्कूल निघालं तेव्हा आले. पहिल्याच दिवशी हातात छत्री घेऊन उतरले, वैशाखात, आणि गाव बघायला जमलं. छत्री उघडायची वेळ त्यांच्यावर आमच्याकडे क्वचितच आली. तरी ते अधूनमधून ती काढून अंगणात उघडून ठेवायचे. आत्या विचारायची, "मास्तर, ही कशापायी?" ते म्हणायचे, "विसरेल हो ती, उघडायचं." गावानं त्यांना नाव पाडलं समुद्र मास्तर. समोर कुणी म्हणायचं नाही, पण त्यांना माहीत होतं आणि मला वाटतं ते त्यांना आवडायचं.

नानांची आणि त्यांची दोस्ती झाली ती पावसाच्या गप्पांवर. मास्तर ओसरीवर उघडेच बसायचे, खांद्यावर पंचा, आणि सांगायचे. तिकडे पाऊस लागला की आठवडा आठवडा थांबत नाही. भिंतीला हात लावला तर हाताला पाणी लागतं. चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी चढते. धुतलेलं धोतर वाळतच नाही, शेवटी ओलंच नेसतात. नाना ऐकत राहायचे, तंबाखू मळायची तशीच तळहातावर राहायची.

"म्हंजी मास्तर, तुमच्याकडं पानी डोईवर पडतं," नाना म्हणायचे, "आन आमच्याकडं डोईवरनं आनावं लागतं. डोई दोन्हीकडं एकच की."

मास्तर खूप हसायचे. त्यांना हसताना बघून मलाही वाटायचं की आपला बाप हुशार आहे.

भूगोल तेच शिकवायचे. किनारपट्टीचं हवामान उष्ण आणि दमट असतं, समुद्र जवळ असल्यामुळे दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो. हे वाक्य ते डोळे मिटून म्हणायचे, देवाचं म्हणावं तसं. मी उभी राहून विचारलं, "सर, दमट म्हणजे काय?" त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. फळा कोरडा, जमीन कोरडी, खिडकीबाहेर भुरं रान. दाखवावं असं काहीच नव्हतं. मग माझ्या शेजारणीची पाटी घेऊन त्यांनी तोंडाजवळ धरली आणि तिच्यावर हाऽऽ करून श्वास सोडला. पाटीवर धुकं आलं. "हे दमट," म्हणाले. आम्ही माना पुढं करून बघेपर्यंत ते उडून गेलं होतं.

माझं नाव यमुना. ते म्हणायचे, "नाव यमुना आणि गावचा ओढाही कोरडा. तू शिक गं, शिकून इथं नदी आण." असं बोलणारा माणूस कुणाला आवडणार नाही? मी त्यांच्यासाठी अभ्यास करायचे. खोटं कशाला बोलू, नानांसाठी नाही, माझ्यासाठीही नाही, त्यांनी मान हलवावी म्हणून करायचे. आणि ते आत्याच्या ओसरीवर, नानांच्या देखत, म्हणायचे, "नाना, पोरीला नगरला कॉलेजात घाला. बाकीचं मी बघतो. मी आहे ना."

मी आहे ना. हे तीन शब्द आमच्या घरात त्याआधी कुणी कुणाला म्हटलेले मला आठवत नाहीत. आमच्यात माणूस असायचा, असं बोलून दाखवायचा नाही.

मी मॅट्रिक झाले ते बहात्तर साल. आदल्या वर्षीही पाऊस धड नव्हता. कणगीत दाणा थोडा होता आणि बियाणाची बाजरी वेगळी, राखेत कालवून, मडक्याचं तोंड शेणानं लिंपून ठेवलेली. नानांनी मला समोर बसवलं. ते असं समोर कधी बसवत नसत.

"हे बघ यमे," ते म्हणाले, "बाजरी आली तर तू नगरला. तुझ्या मावशीकडं भिंगारला राहा, कालिजात जा. बाजरी न्हाई आली तर दसऱ्याला कोयता. मी न्हाई म्हनत न्हाई, आन व्हय बी म्हनत न्हाई. आभाळ म्हनंल ते."

मला ते बरोबर वाटलं. सतरा वर्षांच्या पोरीला आभाळ बरोबरच वाटतं.

मृग निघाला. दरवर्षी त्या दिवसांत आमच्याकडे वारा सुटतो, पश्चिमेचा, कोरडा, ढगांना मेंढरांसारखा हाकत पूर्वेला नेणारा. लुगडं अंगावर राहू देत नाही असा. त्या साली तो पडला. एके दिवशी सकाळी उठले तर पानही हलत नव्हतं. हवा जाड झाली होती. दारं फुगली, आत्याचं दार लागेना. पापड सादळले. काडी ओढली की गुल नुसतं घसरायचं. आणि नानांचा घाम वाळेना. ते दुपारी ओसरीवर बसले होते, छातीवरनं ओघळ, आणि ते स्वतःच्या दंडाकडे नवल करत बघत होते. "आयला," म्हणाले, "हे थांबतच न्हाई."

मास्तर तर त्या हवेत नवे झाले. शाळा सुटल्यावर चालत नव्हे, तरंगत आल्यासारखे आले. सदरा काढला, पंच्यानं अंगही पुसलं नाही. ओसरीच्या कडेला उभे राहून छाती भरून श्वास घेतला.

"नाना, वास घ्या."

"कशाचा?"

"समुद्राचा. घ्या तर खरं. ही आमच्याकडची हवा आहे. हुबेहूब."

नानांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरी उठले, मास्तरांच्या शेजारी उभे राहिले, नाक वर करून वास घेतला. मग भिडेखातर म्हणाले, "व्हय, येतो की."

आत्या आतून म्हणाली, "मला तर म्हशीचाच येतोय." पण तिचं कुणी ऐकलं नाही.

आई घरातून आली. तिच्या हातात गाडगं होतं. बुडाला पांढरं कडं, आणि कड्याखालून थेंब. एवढं पाणी मिठाला सुटलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं गाडगं नानांपुढे धरलं. मीठ आणि मास्तर एकच सांगत होते. आता कुणाला विचारायचं राहिलं होतं?

आमच्या बाजूला पाऊस पडून, वाफसा येऊन मग पेरायची रीत. पण अशी हवा आली, पाऊस दारात उभा आहे अशी खात्री असली, तर धूळपेरणी करतात. कोरड्या मातीत बी टाकून ठेवायचं. वरनं पाणी आलं की ते सगळ्यांच्या आधी उठतं. साधलं तर सोनं. नानांनी हे जन्मात दोनदाच केलेलं, आणि दोन्ही वेळा अर्धंच बी टाकलेलं. अर्धं राखेत राखून ठेवायचं, ही त्यांची पद्धत. या वेळीही ते म्हणाले, "उद्या अर्धं टाकतो."

मास्तर हसले. प्रेमानं हसले, हे मला सांगितलंच पाहिजे. "अर्धं कशाला ठेवता, नाना? पाऊस काय अर्धा येतो? मी या हवेत जन्मलो. दोन दिवस, फार तर तीन. सगळं टाका. पोरीचं कॉलेज आहे ना? मी आहे ना."

पावसाच्या गावचा माणूस पावसाचं खोटं कसं सांगेल, असं आम्हाला वाटलं. ही चूक आमच्यासारख्या कोरड्या मुलखातलीच माणसं करू शकतात. ज्याच्या घरी पाणी भिंतीतनं पाझरतं त्याला पाणी कळतं, असं आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी पाभर जोडली. चाड्यावर, म्हणजे ज्या वाटीतून नळ्यांत बी सोडायचं तिथं, मूठ माझी होती. नाना बैलांमागं, मी पाभरीमागं, आई ओटीत बी घेऊन बांधावर. माती पिठासारखी उडत होती. बी मुठीतून सुटताना राखेचा वास यायचा. घाम डोळ्यांत जाऊन चुरचुरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. मला त्या चुरचुरण्याचा आनंद होत होता. मला वाटत होतं मी मास्तरांच्या गावात पेरते आहे. संध्याकाळी आईनं मडकं पालथं करून दाखवलं. राख पडली, दाणा एकही पडला नाही.

तिसऱ्या दिवशी खरंच आलं काहीतरी. भुरभुर. पाऊस नाही, पावसाची आठवण म्हणावी तेवढं. सगळं गाव बाहेर येऊन उभं. मास्तरांनी छत्री आणली आणि उघडली नाही, तशीच काखेत धरून भिजत राहिले. नानांनी त्यांना नारळ दिला. बाजरी उगवली. मी पहाटे जाऊन बघितली, सुईसारखी, लालसर टोकांची, ओळीत. माझं कॉलेज ओळीत उभं होतं.

मग वारा सुटला.

तोच, आमचा, ओळखीचा. एका दुपारी आला आणि हवेतलं सगळं पाणी घेऊन गेला. आत्याचं दार पुन्हा लागायला लागलं. नानांच्या पाठीवर पांढऱ्या रेघा आल्या. मीठ पुन्हा खडखडलं. रोपं आधी निळसर झाली, मग पिवळी, मग एके दिवशी ओळी दिसायच्या बंद झाल्या. बी जमिनीत कोरडंच राहिलं असतं तर पुढच्या पाण्याला उठलं असतं. त्या भुरभुरीनं त्याला तेवढं उठवलं होतं आणि बाकी काही दिलं नव्हतं.

नाना मास्तरांना एक शब्द बोलले नाहीत. उलट आईला आणि मला म्हणाले, "त्येंच्याकडं काय बोलू नका. त्येंनी पाऊस बांधून आनला न्हवता." रोज संध्याकाळी ते आत्याच्या ओसरीवर जायचे, बसायचे. मास्तर आता कमी बोलायचे. वास घ्या म्हणायचे नाहीत. एका रविवारी नाना गेले तर खोलीला कुलूप. मास्तर पहाटेच्या एसटीनं गेले होते. कुणाला भेटले नाहीत. शाळेत कळलं की त्यांना त्यांच्याच गावाकडे नोकरी लागली होती, उन्हाळ्यातच.

"उन्हाळ्यात?" नाना म्हणाले.

आत्या कपाळाला हात लावून बसली होती. "आरं, खाट तर वैशाखातच धाडली की त्येंनी. म्हनले नवार बदलायला दिली. पेटी बी गेली, कडी बसवायला. मी येडी. म्हनलं खाली झोपत्यात, उकडत आसंल."

आम्हीही तेच समजत होतो. मास्तर जमिनीवर झोपतात, किती साधा माणूस. ज्या दिवशी ते ओसरीवर उभं राहून मी आहे ना म्हणाले, त्या दिवशी त्यांच्या पाठीमागे, खोलीत, खाटेचे चार ठसे तेवढे होते, शेणानं सारवलेल्या जमिनीत.

पुढचं साल सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. उसाच्या मुलखातही ऊस उरला नाही. कोयता खुंटीलाच राहिला आणि आम्ही तिघं गावाजवळच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. हातोडी कशी धरायची ते आईनं शिकवलं. तिथं वाटायची ती सुकडी आणि घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, तव्यावरच तुटणारी. मैत्रिणी विचारायच्या, "यमे, तू कालिजात जानार हुतीस ना?" टोमणा नव्हता, नुसतं विचारायच्या. म्हणून जास्त लागायचं.

आई भाकरी थापताना एकदा म्हणाली, "मीठ बी समुद्राचं, मास्तर बी समुद्राचं. दोघं बी घाम फोडून गेलं." नाना तोंडात घास घेऊन थांबले. आणि हसले. त्या वर्षी ते हसलेले मला तेवढेच आठवतात. मी हसले नाही. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हस की गं. रडून काय दमट हुनार हाय का?" दमट हा शब्द तिनं माझ्याकडूनच उचलला होता.

मी पुष्कळदा स्वतःशी वाद घातला आहे. त्या साली पाऊस आलाच नाही. राखेतलं अर्धं बी ठेवलं असतं तरी ते पेरायला कामाला आलं नसतं, पोटात गेलं असतं एवढंच. म्हणजे मास्तरांच्या शब्दानं आमचं पीक बुडालं नाही, ते तसंही बुडणार होतं. असं म्हटलं की डोकं शांत होतं. छाती होत नाही. आभाळानं फसवलं त्याचं मला कधी फार वाटलं नाही. आभाळ आम्हाला ओळखत नव्हतं. मास्तर ओळखत होते. माझ्या वहीत त्यांनी लिहून दिलेलं होतं, नानांच्या ताटातली भाकरी त्यांनी खाल्लेली होती. निरोप घ्यायला पाच पावलं चालायची होती, आत्याच्या ओसरीवरून आमच्या दारापर्यंत.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी नानांनी माझं गाठोडं बांधायला सांगितलं. मला कळेना.

"नाना, बाजरी कुठं आली?"

"बाजरी न्हाई आली. तू पास झाली का न्हाई?"

"झाले की. पण तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हनलो हुतो. चुकीचं म्हनलो हुतो. आभाळानं सबूद मोडला तर मी बी मोडावा का?" आणि थोडं थांबून, "मास्तर हलला म्हनून कालिज बी हललं का तिथनं?"

भिंगारला मावशी राहायची. तिचा नवरा लष्कराच्या कचेरीत शिपाई होता, त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. सकाळी बिगुल वाजायचा, मी उठायचे, मावशीचं पाणी भरायचे आणि चालत नगरला कॉलेजात जायचे. नळाला पाणी यायचं. कळशी भरताना सुरुवातीला मी तोटी पुन्हा पुन्हा बंद करून बघायचे, खरंच आपल्या हातात आहे का म्हणून. विषय निवडायची वेळ आली तेव्हा मावशी म्हणाली मराठी घे, सोपं असतं. मी भूगोल घेतला. का घेतला ते तिला सांगितलं नाही.

तिथं मला आमच्या मुलखासाठी असलेला शब्द कळला. पर्जन्यछाया. समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीवर चढताना पाणी टाकून देतात आणि डोंगराच्या मागे जे उरतं ते आम्ही. छाया म्हणतात, आणि तिच्यात बसून आम्ही पिढ्यानपिढ्या उन्हात.

आणि मग सहल निघाली, समुद्राकाठी. दिवाळीच्या आधीचे दिवस. घाट उतरायला लागलो तसा गाडीतल्या मुली खिडकीबाहेर बघून किंचाळायला लागल्या. मी बघत नव्हते, मी अंगावर काय होतंय ते तपासत होते. मनगट. मान. ओठावरचा थेंब. खाली उतरलो आणि ती हवा मला येऊन मिठी मारावी तशी चिकटली. मी ती लगेच ओळखली. बहात्तरच्या मृगातली, तीच. डोळ्यांत तीच चुरचुर. मी आभाळाकडे बघितलं. निळंभोर, एक ढग नाही.

आम्ही तीन दिवस राहिलो. तिन्ही दिवस तीच हवा. पोलकं अंगाला चिकटलेलं, दोरीवरचं लुगडं रात्रभर ओलं, खानावळीतल्या मिठाच्या वाटीत पाणी. खानावळीचा मालक ताक वाढत होता, त्याला मी विचारलं, "दादा, पाऊस येणार का?"

तो बघतच राहिला. "आता कसला पाऊस, ताई? दिवाळी आली."

"मग ही हवा?"

"हवेला काय झालंय?" तो म्हणाला. "हवा अशीच असते."

हवा अशीच असते. मी ताकाचा पेला हातात धरून बसले. त्या हवेत कसलंही वचन नव्हतं. ती तिथली रोजची हवा होती, चुलीसारखी, दारासारखी. त्या दिवशी आत्याच्या ओसरीवर मास्तरांना पाऊस कळला नव्हता. त्यांना घराची आठवण आली होती. नोकरी लागलेली, खाट पुढं गेलेली, आणि त्यात अचानक गावची हवा अंगाला लागली. त्यांना ती खूण वाटली, आणि आमचं बियाणं त्यांच्या आठवणीवर पेरलं गेलं.

हे कळल्यावर राग जायला हवा होता. पुस्तकात जातो. माझा गेला नाही, त्याला फक्त बसायला जागा मिळाली.

मास्तरांचं गाव तिथून फार लांब नव्हतं. खाडी ओलांडली की पलीकडे. तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, उभी होती, माणसं चढत होती, तरीवाला मला म्हणाला, "येताय का?" मी काठावर बराच वेळ उभी होते. पलीकडे माड दिसत होते आणि कौलांचा लाल रंग. जाऊन काय विचारणार होते मी? खाट पोचली का नीट? मी नाही म्हणून मान हलवली. तर गेली. वाळूतून परत येताना ओठांवर जीभ फिरवली तर खारट लागलं. ते समुद्राचं होतं की माझं, ते बघायला मी थांबले नाही.

कॉलेजचा शेवटचा निकाल लागला त्या दिवशी मी दुपारच्या एसटीनं गावी गेले. पुन्हा मृगाच्या तोंडावरचे दिवस. नाना ओसरीवर बसले होते, सदरा खुंटीला. आत्याही येऊन बसली. आईनं गूळ दिला हातावर.

नानांनी विचारलं, "भूगोल म्हंजी हवा-पावसाचंच ना?"

"हो."

"मग सांग. पाऊस कधी येनार?"

आत्या मध्येच म्हणाली, "आता हिला नका रं विचारू. एक झाला तेवढा बास."

मी आभाळाकडे बघितलं. मला ढगांची नावं येत होती, वाऱ्यांच्या दिशा येत होत्या. आई दारात उभी होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि तसं बघणं मी ओळखत होते. मीही कधी काळी असंच कुणाच्या तोंडाकडे बघितलं होतं.

"मला नाही माहीत, नाना," मी म्हणाले. "यावा असं वाटतं. पण येईलच असं मी सांगणार नाही. अर्धं बी ठेवा."

नानांनी तंबाखू मळली. तोंडात टाकली. आणि मान हलवली, सावकाश, जशी मास्तरांनी हलवावी म्हणून मी कधी अभ्यास करत असे.

मी बी.ए. झाले, भूगोल घेऊन, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरातलं पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. आणि नाना होते तोवर आमच्या घरात बियाणं कधी सगळं पेरलं गेलं नाही.